पंपघरासमोरची टिबुकली

पक्षी पाहणं ही निरपेक्ष साधना आहे. पाण्याकाठी उभं राहावं, समोर येईल ते डोळे भरून पाहावं आणि घरी परतावं. मोजदाद करू नये. हे मी आमच्या पक्षी मंडळाच्या सभेत गेली अकरा वर्षं सांगत आलोय. एकतीस डिसेंबरच्या सकाळी माझे वर्षभरातले नव्व्याण्णव पक्षी झाले होते, आणि मला घास गिळवत नव्हता.

एका वर्षात शंभर पक्षी मंडळात कुणाचेच झालेले नाहीत. तीन वर्षांपूर्वी माझ्या मेव्हण्याचे, म्हणजे बायकोच्या धाकट्या भावाचे, झाले होते. पण त्याची शंभरावी, एक लाजरी फटाकडी, म्हणजे पाणकोंबडीच्या जातीतला झुडपात लपणारा पक्षी, त्याने एकट्यानेच पाहिली होती. मी मंडळाचा चिटणीस. मी ताबडतोब नियम काढला: शंभरावा पक्षी दुसऱ्या सभासदाने पाहून सही केल्याशिवाय धरायचा नाही. नियम मागल्या तारखेपासून लागू केला. मेव्हणा दातांचा डॉक्टर आहे. पुढे त्याने माझी दाढ काढली, तेव्हा भूल जरा हात राखूनच दिली असं माझं मत आहे.

त्या दिवशी वारा असा सुटला होता की अख्खं मंडळ घरी बसलं. सोबत यायला तयार झाला तो एकटा मेव्हणा.

पहिल्या जलाशयावर माझ्या टोपीखेरीज काहीच उडालं नाही. ती थेट पलीकडच्या काठाला लागली. दुसऱ्यावर दोनेकशे बदकं वाऱ्याकडे तोंड करून बसली होती, आणि एकजात सगळी वहीत आधीच होती.

"भावोजी, एकदा वही चाळून बघा ना," मेव्हणा म्हणाला. "नेमकं कोण राहिलंय ते तरी कळेल."

"चिटणिसाला वही लागत नाही. सगळं डोक्यात आहे."

"टोपी नाहीये वर. तेही उडेल."

तिसऱ्या जलाशयावर पंपघराच्या आडोशाला तिपाई रोवली, मोठी दुर्बीण चढवली, आणि दोन लाटांच्या मधे ती दिसली. तुरेवाली टिबुकली! लांब पांढरी मान, वर तोऱ्यात उभा चिमुकला काळा तुरा.

"आली! ये लवकर, डोळा लाव!"

मेव्हण्याने डोळा लावला. टिबुकलीने बुडी मारली.

"पाणी आहे," तो म्हणाला.

"थांब, वर येईल."

ती वर आली तेव्हा मेव्हणा शिंकत होता. पुन्हा आली तेव्हा तो नाक पुसत होता. तिसऱ्यांदा सगळं जुळून आलं, तर तिपाईच कलंडली. मग मी तिपाईला मिठी मारून बसलो आणि तो माझ्या खांद्यावरून पाहू लागला. असा तास गेला.

"भावोजी, तोंड मिटा. वारा आत जातोय. त्या दाढेच्या जागी ठणकेल."

शेवटी टिबुकली वाहत वाहत बेटाआड गेली ती गेलीच. मेव्हणा गाडीत जाऊन बसला. मी ओल्या गवतात बसून अकरा वर्षांचा विचार केला. पंधरा मिनिटांनी तो परत आला.

"दिसली हो मला."

"कधी?"

"मघाशी, तुम्ही तिपाई धरली होतीत तेव्हा. गालांवर काय तांबडी झालर होती!"

गाडीत पक्ष्यांचं पुस्तक होतं. पुस्तकातल्या टिबुकलीला तांबडी झालर आहे. ते चित्र उन्हाळ्यातलं. थंडीत ती झालर नसते, हे मी दरवर्षी नव्या सभासदांना खडू हातात घेऊन शिकवतो.

"झालर," मी म्हणालो. "नक्की?"

"तांबडीलाल. सही करतो. फक्त आमची फटाकडी तेवढी यादीत परत घ्या."

"ती तू एकट्याने पाहिली होतीस."

"आणि ही तुम्ही."

म्हणजे पहिला तो, दुसरा मी. पण शंभर ते शंभरच. मी पेन शोधायला लागलो, तर त्याने खिशातून दोन काढली. गाडीच्या बॉनेटवर कोपराने कागद दाबून त्याने माझ्या टिबुकलीवर सही केली, मी त्याच्या फटाकडीवर. त्याने आपला कागद लगेच मंडळाच्या अध्यक्षांच्या घरी नेऊन दिला. मला घरीही त्यानेच सोडलं.

"झाले का शंभर?" बायकोने दारातच विचारलं.

"झाले. तुझ्या भावाचेही झाले. तीन वर्षांपूर्वीचे."

"मग पहिला कोण?"

मी ऐकलं नाही असं दाखवून वही उघडली. शंभरावा आकडा घातला, आणि तिच्यावर छाप पडावी म्हणून जरा मागची पानंही चाळली. पाच जानेवारी, क्रमांक अकरा: तुरेवाली टिबुकली, तिसरा जलाशय, पंपघरासमोर. सोबत: मेव्हणा.

मंडळाच्या फलकावर 'वर्षात शंभर' या मथळ्याखाली सध्या एकच नाव आहे, मेव्हण्याचं. फलक रंगवायचं काम चिटणिसाकडे असतं.