तोंडपाठ

“परत,” मुलगी म्हणाली. “आणि या वेळी माझ्याकडे बघून. कपाटाकडे नाही.”

मी तिच्याकडे बघितलं. पोटची पोर, नाकसुद्धा माझंच घेतलेलं, तरी ती खुर्चीत ताठ बसून ऐकायला लागली की माझी नजर कपाटाकडे पळायची.

“मी या कचेरीत अठ्ठावीस वर्षं लिफ्ट चालवतो,” मी सुरू केलं. “चौथ्या मजल्याच्या दाराचं लॉक गेलंय, हे मिस्त्रीनं साहेबांना तीनदा सांगितलं. माझ्या... माझ्या समोर...”

“समोर नाही बाबा, मागे. ‘माझ्या मागे उभं राहून सांगितलं.’ तुम्हीच लिहिलंय ना?”

“तेच ते.”

“तेच ते नाही. आणि हात खिशातून काढा.”

ती शाळेत शिकवते. चाळीस पोरांपुढे रोज उभी राहते, त्यामुळे बोलणं म्हणजे पाणी पिण्याइतकं सोपं असं तिला वाटतं. चार दिवस ती माझ्याकडून पाचच वाक्यं घोटून घेत होती. तोंडपाठ झाली होती म्हणा. दाढी करताना घडाघडा यायची. समोर माणूस आला की एकही जागेवर सापडत नसे.

“समोर सगळे दगड बसलेत असं समजायचं,” ती म्हणाली.

“दगड माझ्याकडे टक लावून बघत नाहीत.”

आतून बायको म्हणाली, “अगं, सोड त्यांना. आमचं लग्न ठरत होतं तेव्हा मला वाटलं हे मुकेच आहेत. म्हटलं, बरंच झालं, घरात शांतता राहील.” पण हसत हसत ती बाहेर आली आणि माझा चेहरा बघून तशीच आत गेली. सुनावणी त्याच दिवशी अकरा वाजता होती.

आता ही भीती कसली ते सांगतो, नाहीतर तुम्हाला वाटायचं म्हातारा नाटकं करतोय. बारा वर्षांपूर्वी एका हेडक्लार्कच्या निरोप समारंभात कुणीतरी मला पुढे ढकललं. म्हणाले, तुम्हीही दोन शब्द बोला. मी उभा राहिलो. शंभर-सव्वाशे माणसं माझ्या तोंडाकडे बघत होती. डोकं धुऊन काढल्यासारखं रिकामं झालं. शेवटचं जे कानावर पडलं होतं तेवढंच आठवलं, म्हणून मी म्हणालो, “दोन शब्द,” आणि खाली बसलो. लोकांना वाटलं, काय विनोद केला. टाळ्याच टाळ्या. तेव्हापासून माझं नाव दोनशब्दे पडलं. नव्या लोकांना ते आडनावच वाटतं. चौकशीची नोटीससुद्धा ‘श्री. दोनशब्दे, लिफ्टचालक’ याच नावानं आली. त्या समारंभानंतर मी दोन दिवस तापानं पडून होतो, हे मात्र कुणाला ठाऊक नाही.

लिफ्टमध्ये मला भीती नाही. तिथे मी स्टुलावर, समोर लिफ्ट वर-खाली करायचा दांडा आणि जाळीचं दार, आणि माणसं सगळी पाठीमागे. “कुठला मजला?” “एकानं उतरा, वजन जास्त होतंय.” कुणी आत शिरताना माझी नजर दांड्यावर असते, आणि हे सगळं मी मान न वळवता बोलतो. मागची माणसंही बिनधास्त बोलतात. लिफ्टवाल्याला कान असतात हे कुणाच्या ध्यानीमनीही नसतं. कुणाचं घर मोडायला आलंय, कोण कुणाच्या मुळावर उठलंय, सगळं माझ्या पाठीमागे सात मजले वर जायचं आणि सात मजले खाली यायचं.

चौथ्या मजल्याच्या लॉकचंही मी असंच ऐकलं. लिफ्ट त्या मजल्यावर नसेल तर बाहेरची जाळी उघडताच कामा नये, हे त्या लॉकचं काम. ते झिजलं होतं. लिफ्टच्या मिस्त्रीनं तात्पुरती तार बांधून ठेवली, ती कुणीतरी सोडली. आणि एक दिवस दप्तर विभागातल्या बाई छातीशी फायलींचा गठ्ठा धरून आल्या, कोपरानं जाळी सरकवली आणि पाऊल आत टाकलं. लिफ्ट तेव्हा दुसऱ्या मजल्यावर होती. मी आत होतो. माझ्या डोक्यावरच्या छतावर काहीतरी आदळलं, दिवा विझला, आणि मग वरून विव्हळणं ऐकू आलं. कंबर मोडली त्यांची. अजून दवाखान्यात आहेत.

नवं लॉक दोन दिवसांत आलं. दोष कुणाच्या माथी मारायचा, तेही तेवढ्यातच ठरलं. दुरुस्ती विभागाचे साहेब म्हणाले, मला कुणी काही सांगितलंच नाही, मिस्त्रीनं हयगय केली. मिस्त्रीकडे कागद नव्हता. त्याला कामावरून काढणार आणि वर पोलिसात देणार, असं ठरत आलं होतं. मी आणि तो एकाच महिन्यात लागलेलो. त्यानं सांगितलेलं ऐकणारा माणूस सगळ्या इमारतीत एकच होता, आणि तो नेमका मी निघालो.

बाहेर बोभाटा झाला होता, म्हणून वरच्यांनी सुनावणी सातव्या मजल्यावरच्या सभागृहात, सगळ्यांदेखत ठेवली. चौकशी समितीचं टेबल खाली पहिल्या रांगेपुढे, आणि साक्षीदारानं वर मंचावर माइकसमोर उभं राहायचं.

“श्री. दोनशब्दे,” अध्यक्षबाईंनी पुकारलं. मागच्या रांगांत खसखस पिकली.

मी पायऱ्या चढलो. तीनच होत्या. वर जाऊन वळलो आणि सगळं सभागृह अंगावर आलं. दोनशे तोंडं, चारशे डोळे. आवाजानं ओळखत होतो ती सगळी माणसं, पण तोंडं परकी. साहेब पहिल्या रांगेत पायावर पाय टाकून बसले होते. मिस्त्री कडेला, हात गुडघ्यांवर.

“लॉक बिघडल्याचं मिस्त्रींनी साहेबांना सांगितलं, हे तुम्ही ऐकलंत का?”

पाच वाक्यं. पहिलं कुठलं होतं? जीभ टाळ्याला चिकटली. कानात नुसती घरघर. मी दगड आठवले. दगडांना चष्मे होते. एक दगड शेजारच्याच्या कानाशी लागला. मी तोंड उघडलं तर माइकमधून माझा श्वासच सभागृहभर ऐकू गेला आणि मी दचकून मागे सरकलो.

“काही सांगायचंय का तुम्हाला?” बाईंनी पुन्हा विचारलं. मग तिसऱ्यांदा. मग लिहून घेणाऱ्याला म्हणाल्या, “साक्षीदार काही बोलत नाही, असं लिहा.”

मी खाली उतरलो. दाराजवळ कुणीतरी पुटपुटलं, “साहेबानं तोंड बंद केलेलं दिसतंय.” मिस्त्री माझ्याजवळ आला. मला वाटलं, आता शिव्या घालणार. घालायला हव्या होत्या.

“असू दे,” तो म्हणाला. “तुझं मला माहीत नाही का?”

त्या ‘असू दे’नं माझा जीव अर्धा झाला. मी सरळ लिफ्टकडे गेलो, स्टुलावर बसलो आणि दांडा धरला. पण आतली भीती थांबेना. आता ती दुसरीच होती. आता बोललो नाही म्हणून एका माणसाचं काय होणार, याची ती होती.

जेवणाच्या सुट्टीत दोघं माणसं लिफ्टमध्ये शिरली. “तळमजला,” एक आवाज म्हणाला. अध्यक्षबाईंचा. मी जाळी ओढली.

“त्या लिफ्टवाल्यानं पार तोंडघशी पाडलं मिस्त्रीला,” बाई सोबतच्या माणसाला म्हणाल्या. नेहमीसारखंच, मी नसल्यासारखं. “मला वाटत होतं मिस्त्री खरं बोलतोय. पण कागद नाही, साक्ष नाही. संध्याकाळी निकाल देऊन मोकळं होऊ.”

सहावा गेला. पाचवा गेला.

“तो खरंच बोलतोय, बाई,” मी म्हणालो. दांड्याकडे बघत. “तीनदा सांगितलं त्यानं. पहिल्यांदा साहेब म्हणाले, पुढच्या महिन्यात बघू. दुसऱ्यांदा मिस्त्री म्हणाला, लिफ्ट बंद ठेवतो, तर साहेब म्हणाले, वरच्या मजल्यावरचे माझा जीव खातील. तिसऱ्यांदा तो म्हणाला, मग मी लेखी देतो. साहेब म्हणाले, लेखी देऊ नकोस, लिहिलंस की मला उत्तर द्यावं लागतं.”

लिफ्ट तळाला टेकली. मी दार उघडलं, पण कुणी उतरेना.

“हे मघाशी का नाही बोललात?” बाईंनी विचारलं.

“मघाशी सगळे समोर होते.”

त्यांनी सोबतच्या माणसाला पुढे जायला सांगितलं. मग म्हणाल्या, “लिफ्टमध्ये बोललेलं मला लिहून घेता येत नाही. दोन वाजता परत बोलावते. कसंही करा, पण तिथे बोला.”

त्या ‘कसंही’वरच मी दोन वाजेपर्यंत बसून राहिलो. डबा तसाच राहिला.

परत त्या तीन पायऱ्या. परत ते चारशे डोळे. परत पहिलं वाक्य सापडेना, आणि मला कळलं की ही भीती आयुष्यात कधी जाणार नाही, मुलीनं कितीही घोटून घेतलं तरी. मी माइक स्टँडवरून काढला. हाताला घाम, तो निसटायलाच लागला. मग मी सगळ्यांकडे पाठ फिरवली आणि मागच्या भिंतीकडे तोंड करून उभा राहिलो.

सभागृह हसलं. चांगलं खदखदून. साहेबांचा आवाज आला, “हा काय तमाशा आहे? समितीला पाठ दाखवतो?”

“पाठ करून बोलू नये असा नियम कुठे आहे, तेवढा मला दाखवा,” अध्यक्षबाई म्हणाल्या. “बोला तुम्ही.”

भिंतीचा रंग पिवळट होता, एका जागी पोपडा सुटला होता. मी तिथे नजर लावली. “मी या कचेरीत अठ्ठावीस वर्षं लिफ्ट चालवतो,” मी म्हणालो. आवाज कापत होता, पण येत होता. पाचही वाक्यं आली. मग पाठ न केलेलीही आली.

“तू मला बोलताना बघितलंस?” साहेबांनी विचारलं.

“नाही साहेब. मी मागे वळून बघत नाही.”

“झालं तर मग. कशावरून मीच होतो?”

“आवाजावरून.”

“आवाजावरून,” साहेब हसले. “दोनशे माणसं आहेत इथे. सगळ्यांचे आवाज ओळखतोस वाटतं?”

“बघू या की,” अध्यक्षबाई म्हणाल्या. “मी बोट दाखवीन त्यांनी फक्त मजला म्हणायचा.”

मागून कुणीतरी म्हणालं, “तिसरा.”

“टपाल विभागातल्या ताई. आज सर्दी झालीय त्यांना.”

“सातवा.”

“रोखपाल. पण ते पाचव्यावर उतरतात.”

पुन्हा हशा पिकला. मग एकानं मुद्दाम घोगरा आवाज काढला. “दुसरा.”

“टंकलेखन विभागातले धाकटे साहेब. रोज कुणाची ना कुणाची नक्कल करतात.”

या वेळी हसणं अर्ध्यावरच राहिलं. चौथा आवाज ओळखला, पाचवा ओळखला. सहाव्या माणसानं नुसतं “पहिला” म्हटलं तरी त्याचा आवाज माझ्यासारखाच कापत होता. मला आधी कळेना, याला कसली भीती. मग मागची शांतता वाढत गेली, खुर्च्यांची कुरकुरही थांबली, आणि माझ्या ध्यानात आलं. एवढ्या वर्षांत आपण या माणसाच्या पाठीमागे काय काय बोललो, हे प्रत्येक जण मनात आठवत होता.

“पुरे,” अध्यक्षबाई म्हणाल्या. “साहेब, आता तुम्ही काही बोलणार?”

साहेब काही बोलले नाहीत. बाईंनी तेही लिहून घ्यायला सांगितलं.

निकाल संध्याकाळी लागला. मिस्त्री निर्दोष. साहेबांची वेगळी चौकशी. मिस्त्रीनं सगळ्यांदेखत माझे दोन्ही हात धरले आणि रडला. मीही रडलो. घरी मुलीला सांगितलं, तर ती म्हणाली, “पाठ करून? बाबा, असं कुणी बोलतं का?” आणि मग तिचेही डोळे भरून आले.

दुसऱ्या दिवशी नऊच्या गर्दीला पहिल्यांदाच लोकांनी मला नमस्कार केला. “तिसरा, दोनशब्दे.” “पाचवा, कृपा करून.” बस, तेवढंच. जाळी लागली आणि मागे आठ माणसं नुसती उभी राहिली. मी त्यांचे श्वास मोजत वर गेलो. टपालातल्या ताई आणि त्यांची मैत्रीण बोलत बोलत आल्या, मला बघून दारातच थांबल्या आणि जिन्यानं गेल्या. मला ओरडून सांगावंसं वाटलं, बायांनो, बोला, मी कुणाला काही सांगत नाही, अठ्ठावीस वर्षांत एकदाच सांगितलं. पण सांगणार कसं? त्यासाठी त्यांच्या तोंडाकडे बघावं लागलं असतं.

आठवडा झाला, पंधरवडा झाला. एवढी शांतता मला सोसवेना. घरी जाऊन मी बायकोला म्हणायचो, काहीतरी बोल. ती म्हणायची, काय बोलू?

एके दिवशी दुपारी मिस्त्री आला. अवजारांची पिशवी त्यानं खाली ठेवलेली मी ऐकली. लिफ्टमध्ये आम्ही दोघंच. पूर्वी तो शिरला की पहिल्या मजल्याच्या आत जावयाची तक्रार सुरू व्हायची आणि तिसऱ्यापर्यंत साहेबाची.

“चौथा,” तो म्हणाला.

मी वाट बघितली. पहिला गेला. दुसरा गेला. त्यानं एकदा घसा खाकरला.

“जावई कसा आहे?” मीच विचारलं.

“बरा आहे,” तो म्हणाला. जरा थांबून, “सगळं बरं आहे.”

चौथ्यावर मी दार उघडलं. “येतो रे,” म्हणत त्यानं माझ्या खांद्यावर हात ठेवला, पिशवी उचलली आणि उतरला. मी जाळी ओढत होतो तेवढ्यात बाहेर त्याला कुणीतरी भेटलं आणि तो लगेच सांगायला लागला, “अरे, काल काय झालं माहितीये...” मी दांडा जरा वेळ तसाच धरून ठेवला. तळमजल्याची घंटा दुसऱ्यांदा वाजली, तेव्हा लिफ्ट खाली सोडली.