गोळी कशातून देता?

बटाट्या कुत्र्याचं पोट पुन्हा लाल झालं होतं. पंजे चाटून चाटून ओले. कानामागे खाजवताना मागचा पाय जमिनीवर असा बडवायचा, की खालच्या मजल्यावरच्या बाई वर येऊन विचारून गेल्या, सुतार बोलावलाय का म्हणून.

आजीचा संशय सुनेवर होता.

दीड महिन्यापूर्वी डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं, खाजेची गोळी रोज सकाळी, आणि आठ आठवडे फक्त डब्यातलं खास कोरडं खाणं. दुसरं कणभरही नाही. तरच कळेल याला काय बाधतं ते. त्यावर मुलाने आपलं जोडलं, "या वेळी उतार पडला नाही, तर मेव्हण्याच्या गोदामावर पाठवू त्याला." मेव्हणा म्हणजे सुनेचा भाऊ. आजीच्या मनात तेव्हाच पाल चुकचुकली. कुत्रा जावा असं कोणाला वाटतंय, हे सांगायला ज्योतिषी कशाला हवा?

मग पाळत सुरू झाली. सून स्वयंपाकघरात गेली, की आजीचा चष्मा नेमका तिथेच विसरलेला असे. एकदा सुनेच्या पर्समध्ये बिस्किटांचा पुडा दिसला.

"बसमध्ये भूक लागते हो, आई."

"मी कुठे काय म्हटलं?"

आज दवाखान्यात बटाट्या टेबलावर थरथरत उभा होता. डॉक्टरीणबाईंनी त्याच्या पोटावरचे केस बाजूला सारले. "बाहेरचं काही जातंय का पोटात?"

"मी नाही देत," आजी म्हणाली. "ज्यांना कुत्रा नकोसा झालाय त्यांना विचारा."

सुनेचे कान लाल झाले. तिने बटाट्याचा गळपट्टा घट्ट धरला.

"आणि गोळी कशातून देता?"

"ती माझ्याच हातची. एक दिवस चुकली नाही." आजी ताठ झाली. "चीजच्या तुकड्यात दडवून. आमच्या पहिल्या कुत्रीपासून अशीच देत आलेय. आमच्या यांनाही शेवटी शेवटी गोळ्या गिळवेनात, तेव्हा तेही असेच घ्यायचे, हात पुढे करून..."

डॉक्टरीणबाईंचं लिहिणं थांबलं होतं.

"पण ते काही खाणं नाही," आजी हळूच म्हणाली. "ते औषध."

"दुधाचे पदार्थ बऱ्याच कुत्र्यांना बाधतात, आजी. यालाही बाधत असतील, सांगता येत नाही. आता आठ आठवडे पुन्हा पहिल्यापासून."

बाहेर पायऱ्यांवर आजीने पदराने चष्मा पुसला, मग पुन्हा पुसला. "घरी नवऱ्याला काय सांगशील?"

"खरं तेच. चोर सापडला, आता गोदामाची गरज नाही." सुनेने बटाट्याला उचलून खाली घेतलं. "आणि उद्यापासून गोळी मी देणार, त्याचंच खाणं पाण्यात भिजवून त्यात दडवून. तुम्ही चष्मा स्वयंपाकघरात विसरा आणि लक्ष ठेवा माझ्यावर."

"ठेवीनच," आजी म्हणाली आणि गळपट्ट्याची दोरी तिच्या हातातून आपल्या हातात घेतली.