अर्धी भरलेली रिकामी टाकी

आमच्या गिरणीत गव्हाच्या लोखंडी टाक्या होत्या, चांगल्या चार मजली उंच. सायलो हे त्यांचं कागदावरचं नाव. आम्ही आपलं टाकीच म्हणायचो. मी खाली पोत्यांची तोंडं शिवायची आणि हे फिटर. टाकीत गहू किती उरला हे कळायला तेव्हा एकच उपाय होता. वर चढायचं, झाकण उघडायचं, दोरीला बांधलेलं वजन आत सोडायचं आणि ते गव्हाला टेकलं की दोरी मोजायची. हे काम यांनी कुणाला म्हणून करू दिलं नाही. केस पिकले, गुडघे कुरकुरायला लागले, तरी पाळी सुरू व्हायच्या आधीच जाऊन वर चढायचे.

"वर कुणी दुसरी ठेवलीये की काय?" पोती शिवणाऱ्या बायका विचारायच्या.

"असती तर हिने एव्हाना तिचंही तोंड शिवलं असतं," हे म्हणायचे.

मग रडार आलं. ते बसवायला आलेली मुलगी आमच्याच माडीवर उतरली होती. रडार म्हटल्यावर मला वाटलं, आता गिरणीवरून विमानं जाणार. हसता हसता तिची पुरेवाट झाली.

"नाही हो काकू. वर टाकीला एक भोंगा बसवायचा. तो खाली लहरी सोडतो. त्या गव्हावर आपटून परत येतात, आणि यायला-जायला किती वेळ लागला त्यावरून गहू किती खाली आहे ते कळतं. बसल्या जागी आकडा दिसतो. काकांना आता चढायला नको."

मला बरं वाटलं. यांनी ताटावरून मान वर केली नाही.

मधली टाकी पार रिकामी करून तिने भोंगा बसवला, पण संध्याकाळी जेवायला आली ती वैतागूनच. "रिकाम्या टाकीला यंत्र म्हणतंय अर्धी भरलीये. दिवसभर डोकं खाल्लं माझं. शेवटी बॅटरी घेऊन आत पाहिलं, तर भिंतीला जुन्या शिडीचा एक तुकडा राहिलाय. वाकून पुढे आलाय. त्यालाच ते गहू समजतंय."

माझा घास हातातच राहिला. त्या टाकीत शिडी नव्हतीच. ती यांनी स्वतः काढली होती, उंदऱ्या गेला त्यानंतर.

उंदऱ्या म्हणजे माझा धाकटा दीर. मी लग्न होऊन आले तेव्हा त्याचे दुधाचे दात पडत होते. सासूबाई आधीच गेलेल्या, त्यामुळे त्याची वेणी सोडून बाकी सगळं मी केलं. मोठा होऊन भावाच्या हाताखाली गिरणीत लागला. खिशात सदा गव्हाचे दाणे आणि तोंड सदा चालू, म्हणून उंदऱ्या. "वहिनी, पगारही खातो आणि मालही खातो असा गिरणीत मी एकटाच," असं ऐटीत सांगायचा.

एकदा त्याच मधल्या टाकीत गहू अडला. ओल लागून वर कडक थर धरला होता आणि खालचा गहू निघून गेलेला, आत नुसती पोकळी. वरून पाहणाऱ्याला टाकी भरलेलीच. उंदऱ्या आतल्या शिडीने उतरला, काठीने ढोसायला. थर फुटला आणि घसरत्या गव्हाने त्याला पायांकडून ओढलं. हे झाकणाशी होते. "धर, सोडू नकोस," म्हणून ओरडत राहिले. त्याने धरलंच होतं. त्या ओढीपुढे माणसाच्या हातांचं काय चालणार.

मुलीला यातलं काही ठाऊक नव्हतं. "तुकडा काढून टाकायचा, नाहीतर यंत्राला शिकवायचं की हे नेहमीचंच आहे, इकडे लक्ष देऊ नकोस. तेही जमतं."

"शिकव," हे म्हणाले.

"पण काका, मग त्या जागेपाशी त्याची नजर अधू होते. गहू नेमका तिथे आला की आकडा अडकू शकतो."

"अडकला तर?"

"तर कुणीतरी झाकण उघडून बघायचं."

"मी बघेन."

"आणि तुम्ही नसाल तेव्हा?" हे मी विचारलं.

मुलीने आमच्याकडे पाहिलं आणि ताट उचलून आत गेली. शहाणी होती.

"सगळी शिडी काढली म्हणाला होतात."

"तेवढा बोल्ट निघेना."

"तुमच्या हाताला न निघणारा बोल्ट अजून घडायचाय."

हे ताट बाजूला सारून म्हणाले, "तो तुकडा त्याने धरला होता गं. त्याच्या ओढीनेच वाकलाय. टाकीतला गहू खाली गेला की दिसतो. रोज दिसत नाही, पण आत आहे हे माहीत असतं. घरात त्याचं काय राहिलंय, सांग बरं. एक सदरा. तोही तू धुऊन ठेवलास."

हे इतकी वर्षं कशासाठी चढत होते, ते मला त्या दिवशी कळलं. तरी बोलायचं ते बोलावंच लागलं.

"अहो, आकडा अडकला म्हणून उद्या कुणाचा तरी उंदऱ्या त्या झाकणातून वाकेल. त्याच्या वहिनीला काय सांगाल?"

दुसऱ्या दिवशी हे स्वतःच कमरेला दोराचा पट्टा बांधून टाकीत उतरले. धान्याच्या धुळीत ठिणगी चालत नाही, म्हणून हाताने चालवायची करवत. मी शिवण टाकून तळाच्या दारापाशी उभी राहिले. आत करवत चालायची, थांबायची, पुन्हा चालायची. मग थांबली ती थांबलीच.

"झालं का हो?" मी ओरडले.

मला त्यांचे फक्त बूट दिसत होते, अधांतरी. हळूच बोलले असतील, पण त्या लोखंडी पोटात घुमून आवाज मोठा होऊन आला.

"अगं, यावर त्याचं काहीच नाही."

"म्हणजे?"

"बोटांच्या खुणा असतील असं वाटायचं. वरून तशा दिसायच्याही. नुसता गंज आहे."

"कापा," मी खालून म्हणाले. जरा वेळाने करवत पुन्हा सुरू झाली.

तुकडा निघाल्यावर मुलगी यंत्राच्या खोलीतून धावत आली. "काका, शून्य! अगदी बरोबर शून्य!" आणि आमची तोंडं पाहून जागच्या जागी थांबली. पोती शिवणाऱ्या बायकांनी तिला नंतर सांगितलं असावं. त्या संध्याकाळी ती जेवायला खाली उतरली नाही.

तुकडा घरी न्यायचा का, मी विचारलं. हे नको म्हणाले आणि स्वतःच्या हाताने भंगारात टाकून आले.

यंत्र चांगलं निघालं, खोटं कशाला बोलू. सगळ्या टाक्यांवर बसलं, झाकणांना कुलपं लागली आणि पुढे कुणाला तिथे जावं लागलं नाही. यांनाही नाही. सवयीने लवकर उठायचे, चहा घेऊन बूट घालायचे आणि मग दाराच्या पायरीवर बसून राहायचे, पाळीला अजून अवकाश असायचा म्हणून.

"चला की, बरोबरच निघू," मी म्हणायची.

"तू हो पुढे," म्हणायचे, आणि मी पुढे व्हायची.