दोघांचा फोटो

देवचंदला आईचा फोटो हवा होता आणि आई काही केल्या तो काढू देत नव्हती. एवढ्यासाठी त्याने तिला सिंह दाखवायला धुळ्याला नेलं.

सोनगीरजवळच्या त्यांच्या घरात भिंतीवर तीन फोटो होते. एक बुद्धाचा, एक बाबासाहेबांचा आणि एक कोटातल्या आधारचा. पहिल्या दोहोंबद्दल कुणाची काही तक्रार नव्हती. आधार म्हणजे देवचंदचे वडील. त्यांनी जन्मभर दुसऱ्यांच्या शेतात काम केलं आणि अंगात कायम बंडी घातली. त्यांचा एकट्याचा फोटो कधी निघालाच नाही. ते गेल्यावर बरीच शोधाशोध झाली, तेव्हा कुणाच्या तरी लग्नातला घोळक्याचा फोटो सापडला. त्यात मागच्या रांगेत आधारचं तोंड मुगाच्या दाण्याएवढं दिसत होतं. बायकांना त्या फोटोत घेतलंच नव्हतं.

देवचंद तो फोटो घेऊन एका फोटोवाल्याकडे गेला. फोटोवाल्याने मुगाचा दाणा मोठा केला, पेंटरने त्याला नाक, कान आणि भांग दिला, आणि अंगात काय घालू म्हणून विचारलं. देवचंदला तेव्हा नुकतीच दीपनगरच्या वीज केंद्रात नोकरी लागली होती. फोटो बाबासाहेबांच्या शेजारी लागणार, तिथे बंडी बरी दिसायची नाही, असा त्याने पोक्त विचार केला. कोट घाला म्हणाला. पेंटर हौशी निघाला. त्याने आपल्या मनाने टायही बांधला आणि खाली 'कालकथित आधार चिंधा बैसाणे' असं वळणदार अक्षरात लिहिलं.

फोटो घरी आला तेव्हा देवचंदच्या आईने, भागाबाईने, तो उजेडात धरून खालीवर बघितला आणि हे साहेब कोण, असं विचारलं. सांगितल्यावर तिने तो परत देवचंदच्या हाती दिला. रोज सकाळी पदराने काच मात्र पुसायची, कारण धूळ साहेबावरही बसते.

पुढे दीपनगरात एकाची बदली झाली आणि त्याचा जुना कॅमेरा देवचंदने घेतला. जोडीला फोटोग्राफीचं एक पुस्तकही आणून पाठ केलं. वीज केंद्राच्या चिमणीचे त्याने सगळ्या बाजूंनी फोटो काढले. चिमणी हलत नसल्याने ते चांगले यायचे. सुट्टीत गावी आला की तो आईच्या मागे लागायचा. कॅमेरा थैलीतून बाहेर आला रे आला की भागाबाईला मागच्या दारी काहीतरी काम निघायचं. अगदीच कोंडीत सापडली तर पदर तोंडावर घ्यायची. फोटो काढला की माणूस भिंतीवर जातं अशी तिची समजूत असणार, असं देवचंदने ठरवून टाकलं. तो स्वतः मात्र दुसऱ्याच गोष्टीला भीत होता. त्या हिवाळ्यात आईचा खोकला हटेना. उद्या काही झालं तर हिचंही तोंड पेंटरच्या हाती जाणार, आणि या खेपेला मुगाचा दाणाही नव्हता.

अशात धुळ्याला सर्कस आली. सकाळी जनावरं बघायला वेगळं तिकीट होतं आणि कनातीवर 'प्राणिसंग्रहालय' अशी पाटी होती. वीज केंद्राच्या प्रदर्शनासाठी सिंहाचा फोटो लागतो, अशी थाप मारून देवचंदने आईला एसटीत बसवलं.

हत्तीपाशी त्याने पहिला डाव टाकला. हत्ती केवढा आहे हे कळायला शेजारी माणूस लागतो, तू उभी राहा, असं आईला म्हणाला. भागाबाईला पटलं. तिने तिथून चाललेल्या एका गृहस्थाला दंडाला धरून हत्तीशेजारी उभं केलं. उंटापाशी दुसरा सापडला. देवचंदला नको म्हणायचं सुचलं नाही. पुढे अस्वलाने उभं राहून डोकं खाजवलं आणि पाणघोड्याने तोंड उघडलं, तेव्हा तो आपण कशाला आलो तेच विसरला. भानावर आला तेव्हा रोलमध्ये एकच फोटो उरला होता.

सिंह शेवटच्या पिंजऱ्यात होता. तो म्हातारा होता आणि लोकांकडे पाठ करून झोपला होता. लोकांनी शिट्ट्या मारल्या, टाळ्या पिटल्या, एकाने तर त्याला बापाचं नाव विचारलं. सिंहाने शेपटीसुद्धा हलवली नाही. मटण आल्याशिवाय तो कुणाचं ऐकत नाही, असं रखवालदाराने बिडी पेटवत सांगितलं. छायाचित्रकाराकडे धीर हवा, असं पुस्तकात होतं. देवचंद धीर धरून उभा राहिला. उरलेला फोटो सिंहाच्या तोंडाचा की आईचा, हे त्याचं ठरत नव्हतं, आणि दोघांपैकी कुणीही तोंड दाखवायला तयार नव्हतं.

तेवढ्यात मागे हसण्याचा आवाज आला. भागाबाई पदर तोंडाला लावून हसत होती. वडील गेल्यापासून आईला असं हसताना त्याने बघितलं नव्हतं.

"तुना बाप असाच जपे," ती म्हणाली. "जगकडे पाठ फिराईसन."

मग ती सांगतच सुटली. दुपारी बांधावरच्या निंबाखाली आधार असाच हात उशाला घेऊन झोपायचा. मुकादम शेताच्या त्या टोकाहून बोंब मारायचा, आणि हा जागा असूनही कूस बदलायचा नाही. ती भाकरी घेऊन गेली की तेवढा एक डोळा उघडायचा. सांगता सांगता ती थांबली आणि पिंजऱ्याचा गज धरायला गेली, तेव्हा रखवालदाराने तिला मागे सारलं.

"त्या कोटवालापायी माले तुना बापनं तोंड आठवत नही," ती म्हणाली. "रोज त्यालेच पुसस, रोज तोच दिसस. आज याद उना."

देवचंदने कॅमेरा खाली घेतला. कोट घाला म्हणणारा तोच होता. आई मरणाला भीत नव्हती. आपलंही तोंड आपल्या लेकाच्या आठवणीतून असंच पुसलं जाईल, याला ती भीत होती.

भागाबाई पिंजऱ्यापुढे जाऊन उभी राहिली. चप्पल काढून बाजूला ठेवली, पदर नीट केला आणि सिंहाच्या डाव्या हाताला सरकली.

"काढ," ती म्हणाली. "आमना दोन्हीसना काढ."

प्रकाश पाठीशी हवा, हात स्थिर हवा, हे सगळं पुस्तकातलं त्याला आठवत होतं. ते सोडून त्याने भिंग फक्त आईच्या तोंडावर जुळवलं. मग खटका दाबला.

फोटो धुऊन आला. सिंहाची पाठ आणि आयाळ धुरकट आली. त्याच्या शेजारची भागाबाई मात्र स्पष्ट होती, अनवाणी, तोंड किंचित उघडं, कॅमेऱ्यात थेट बघणारी. तिने तो फोटो बराच वेळ हातात धरला. मग कोटातल्या साहेबाला खाली उतरवायला लावलं आणि त्याच खिळ्याला हा टांगायला सांगितला.

तेव्हापासून घरी येणारा प्रत्येक पाहुणा भिंतीकडे बघून, हा सिंह कशाला, असं मोठ्याने विचारतो. भागाबाई त्याला हळू बोलायला सांगते.

"जपेल शे," ती म्हणते. "उठाडू नका."