चौथ्या प्रकरणातली बारावी तळटीप

घरात नवं पुस्तक आलं की ते आधी बाइंडरांच्या हातात जायचं, बाईंच्या नाही. हा नियम बाईंनीच केलेला. फार पूर्वी त्यांनी एका मैत्रिणीच्या पुस्तकाचं तोंड फाटेस्तोवर कौतुक छापलं होतं, आणि ते पुस्तक किती पोकळ आहे हे त्यांच्याइतकं कुणालाच ठाऊक नव्हतं. तेव्हापासून लेखक कोण हे कळू न देता वाचायचं ठरलं.

बाईंचे यजमान उभा जन्म पुस्तकबांधणीत घालवून निवृत्त झाले, तरी सगळे त्यांना बाइंडरच म्हणत. ते पुस्तकाला खाकी कव्हर घालत. नाव, प्रस्तावना, अर्पणपत्रिका, जिथे लेखकाची चाहूल लागेल तिथे कागद चिकटवत. खळ इतकी बेताची, की नंतर ओल्या बोटाने कागद सुटावा. ख्रिस्ती धर्मशास्त्रातलं त्यांना ओ की ठो कळत नव्हतं. बाईंनी मात्र धर्मविद्यालयात भावी पाळकांना मंडळीचा, म्हणजे चर्चचा, इतिहास शिकवला होता, आणि आता त्या मंडळीच्या मासिकात परीक्षणं लिहीत. त्यांच्या पेन्सिलीला भलेभले लेखक टरकून असत.

या वेळचं पुस्तक सुरुवातीच्या ख्रिस्ती लोकांच्या छळाच्या काळावर होतं. जिवाच्या भीतीने कितीतरी जणांनी ख्रिस्ताला नाकारलं, आणि छळ थांबल्यावर तेच लोक मंडळीचं दार ठोठावू लागले. त्यांना आत घ्यायचं की नाही? संपादकांनी सोबत चिठ्ठी जोडली होती: बाईंनी शिफारस केली तर विद्यालय हे पाठ्यपुस्तक म्हणून लावेल.

पहिली तीन प्रकरणं बाईंनी दोन दिवसांत संपवली. चहा घेताना उतारेच्या उतारे वाचून दाखवले.

"हा लेखक भीतीने पडलेल्यांना हसत नाही हो," त्या म्हणाल्या. असं त्या वर्षातून एखाद्याच पुस्तकाबद्दल बोलत.

चौथ्या प्रकरणात माशी शिंकली. अख्खं प्रकरण एका बिशपच्या पत्रावर उभं होतं, आणि ते पत्र बिशपचं नव्हतंच. शंभर वर्षांनंतर कुणीतरी ते त्याच्या नावावर खपवलेलं, हे सिद्ध होऊनही बारा वर्षं झाली होती. बाईंनी कागद ओढला आणि लिहिलं, 'हे वाळूवर बांधलेलं घर आहे. शिफारस करता येत नाही.' मग हे पत्र लेखकाने घेतलं तरी कुठून, म्हणून बारावी तळटीप बघायला गेल्या, तर तिच्यावर खाकी पट्टी.

"अहो, तळटीप कशाला झाकली?"

"नाव होतं तिथे. नाव दिसलं की झाकायचं, एवढंच माझं काम."

"तळटिपा नावांनीच भरलेल्या असतात. बाकीची नाही झाकलीत ती?"

बाइंडरांचे कान लाल झाले. खोटं त्यांना कधीच पचत नसे. "एक तळटीप नाही वाचलीस तर काय आभाळ कोसळणार आहे?"

बाईंनी बोट ओलं करून पट्टी सोडवली. खाली त्यांचंच नाव होतं. त्यांचं एकुलतं एक पुस्तक, पान एकशे अठरा. एकतीस वर्षांपूर्वी ते याच बाइंडरांकडे बांधायला गेलं होतं, आणि तिथेच दोघांचं सूत जुळलं होतं.

"त्यात चूक आहे हे तुम्हाला कसं कळलं?"

"मला काय कळतंय डोंबल! पण बारा वर्षांपूर्वी कुठलासा लेख वाचून तू दोन दिवस धड जेवली नव्हतीस. त्या पत्राचंच होतं काहीतरी. दुसरी आवृत्ती निघाली की दुरुस्त करीन, म्हणाली होतीस."

दुसरी आवृत्ती निघालीच नाही. मासिकाला दोन ओळी लिहिल्या असत्या तरी भागलं असतं, पण बाईंनी त्याही लिहिल्या नव्हत्या. स्वतःच्या चुकीवर बारा वर्षं पांघरूण घालून आज त्या दुसऱ्याची लक्तरं वेशीवर टांगायला निघाल्या होत्या. त्यांना मनापासून लाज वाटली.

"हे आता छापलं तर लोक म्हणतील, बाईंचं पुस्तकच खोट्या पत्रावर उभं होतं."

"म्हणतील." बाइंडर म्हणाले. "ते दार ठोठावणारे होते ना, त्यांना शेवटी घेतलं का आत?"

"घेतलं. पण आधी सगळ्यांसमोर कबूल करावं लागलं."

"मग झालं तर."

बाईंनी पहिला कागद फाडला. दुसऱ्यावर लिहिलं: 'चौथ्या प्रकरणातली चूक मूळची माझी आहे. ती मला बारा वर्षं माहीत होती आणि मी गप्प बसले. तेवढं प्रकरण सुधारून घ्यावं आणि हे पुस्तक जरूर शिकवावं.' खाली सही केली.

सही झाली की कव्हर काढायचं, हाही नियमच. बाइंडरांनी एकेक कागद सोडवला. लेखक बाईंचाच जुना विद्यार्थी निघाला. एकच निबंध त्याच्याकडून त्यांनी तीनदा लिहून घेतला होता. अर्पणपत्रिकेत दोन ओळी होत्या: 'आमच्या बाईंना. संदर्भ स्वतः तपासल्याशिवाय पुढे जायचं नाही, हे त्यांनी शिकवलं.'

बाईंनी चष्मा काढून पदराने पुसला, मग डोळे पुसले. "आणि गाढवाने नेमकं मलाच तपासलं नाही."

बाइंडरांनी खाकी कागदाची नीट घडी घातली आणि पुढच्या पुस्तकासाठी ठेवून दिली.

"एकतीस वर्षांपूर्वी मी तरी कुठे तपासलं तुला?" ते म्हणाले.