दावणीवरून काढलेली पोस्ट

ग्रुप बंद झाला तेव्हा शाहिस्ता परंड्याजवळच्या एका वस्तीवर अडलेली शेळी मोकळी करत होती. हात धुऊन तिनं फोन उघडला, तर समोर दोनच ओळी. जनावरांच्या खरेदी-विक्रीचा नियम मोडल्यामुळं आपलं खातं आणि ग्रुप बंद करण्यात आला आहे. खरेदी-विक्री कसली? आदल्या दिवशी तिनं एका आजारी बोकडाच्या तोंडाचा फोटो टाकला होता, फोड कसे ओळखायचे ते दाखवायला.

शाहिस्ता पशुसखी होती. गावोगाव फिरून शेळ्यांना जंताचं औषध पाजायचं, खुरं कापायची, लसीच्या दिवसांत डॉक्टरांबरोबर हिंडायचं. उस्मानाबादी शेळीवाल्यांचा तो ग्रुप तिनं पाच वर्षांत एक्केचाळीस हजार माणसांवर नेला होता. तिनं तीनदा दाद मागितली. तिन्ही वेळा तेच उत्तर आलं, तेही मिनिटभरात.

"मिनटात कोण वाचतं हो?" तिनं नवऱ्याला विचारलं. झुबेरचं बसस्टँडजवळ मोबाईल दुरुस्तीचं दुकान होतं.

"कोई नहीं पढता. मशीन है वो," तो बारका स्क्रू चिमट्यात धरत म्हणाला. "कायकू जी जलारी?"

पण तिचा जीव जळतच होता. पीठ मळताना मध्येच उठून ती फोन बघायची. गोठ्यात बसलेली असताना कमरेच्या पिशवीत फोन थरथरला असं वाटायचं, काढून बघावं तर काहीच नसायचं.

तुळजापुरातून शिवप्रसादांचा फोन आला तो याच दिवसांत. आधी पुण्यात कॉम्प्युटरचं काम केलेला, आता वडलांचा लॉज सांभाळणारा माणूस. चार शेळ्या हौसेनं पाळलेल्या, म्हणून ग्रुपवर होता.

"ताई, एका कंपनीच्या दारात किती दिवस उभं राहायचं?" ते म्हणाले. "दुसरं जाळं आहे. त्याला एक मालक नाही. ज्याचा त्याचा छोटा सर्व्हर, पण सगळे एकमेकांना जोडलेले. इथली पोस्ट तिथं वाचता येते, उत्तर देता येतं. लॉजच्या ऑफिसात मशीन ठेवतो मी. नियम तुम्ही करा."

"अन् बंद करायचं कुलूप कुणाकडं?"

"तुमच्याकडंच."

शाहिस्ता हसली. आपल्याला कुलपाचं काय काम पडणार, असं वाटलं तिला तेव्हा. सर्व्हरला नाव दिलं 'दावण'.

दोन महिन्यांत दावणीवर माणसं आली दोनशे बारा. कुठं एक्केचाळीस हजार आणि कुठं दोनशे बारा! एक जण म्हणे, तिथं माझे पाव्हणे न्हाईत. दुसरा म्हणे, पासवर्ड ध्यानात ऱ्हात न्हाय. शाहिस्ता सकाळी एक माहिती टाकायची आणि दुपारपर्यंत दहादा उघडून बघायची. तीन जणांनी वाचलेलं असायचं, त्यातले एक शिवप्रसाद. आपण माणसं सोडून आलो की माणसांनी आपल्याला सोडलं, हे तिला कळेना.

त्यातल्या त्यात एक ज्ञानोबातात्या आले, त्यानं बरं वाटलं. येरमाळ्याचे, पहिल्या ग्रुपपासूनचे, साठीचे, तीस शेळ्यांचे धनी. त्यांना टायपिंग येत नसे, पुतण्या रणधीर लिहून द्यायचा. तो कळंबला ऑनलाइन सेवा केंद्र चालवत होता. तात्यांच्या शब्दावर शंभर-दीडशे माणसं दावणीवर आली होती.

आणि मग येरमाळ्यात शेळ्या मरायला लागल्या. आधी ताप, मग नाक गळणं, तोंडात फोड, जुलाब. शाहिस्तानं फोटो बघितले आणि लिहिलं, हा पीपीआर दिसतोय, शेळ्यांचा साथीचा रोग, आजारी जनावर वेगळं बांधा, डॉक्टरांना कळवा. आठ दिवसांत गावात एकोणीस शेळ्या गेल्या. त्यातल्या सहा तात्यांच्या.

नवव्या दिवशी तात्यांची पोस्ट आली. 'ह्यो रोग वजीरनं आणलाय. त्याच्या गाडीतनं आला. त्याला आन् त्याच्या लोकांना गावात पाय ठेवू देऊ नका.'

वजीर गावोगाव फिरून बोकड विकत घ्यायचा. त्याचा छोटा टेम्पो सगळ्यांच्या ओळखीचा होता. दुपारपर्यंत पोस्टखाली चाळीस उत्तरं पडली. कुणी लिहिलं, टेम्पो दिसला की फोडायचा. कुणी लिहिलं, ह्यांचं असंच असतं.

शाहिस्ता उठली, बसली, परत उठली. एक बटण दाबलं की पोस्ट जाणार होती. पण तिला तिन्ही वेळचं ते मिनिटभरातलं उत्तर आठवलं. शिवाय आपण पोस्ट काढली की लोक काय म्हणणार, हेही ठाऊक होतं. शाहिस्तानं तिच्यातल्या माणसाला वाचवलं, दुसरं काय.

तिनं शिवप्रसादांना फोन केला. "सर, म्या काय करू?"

"मशीन माझं आहे ताई, निर्णय तुमचा," ते म्हणाले. "सोपं नाही, माहितेय मला."

तिनं बटण दाबलं नाही. बार्शीत गाडी बदलून ती येरमाळ्याला गेली. खिडकीशी बसून तिनं फोन इतक्या वेळा उघडला की शेजारची बाई म्हणाली, "कुणी आजारी हाय का घरात?"

तात्या गोठ्यासमोर बाजेवर बसलेले. दाढी वाढलेली. "बस," एवढंच म्हणाले. त्यांची सून द्वारकाबाई पाणी देऊन आत गेली.

"तात्या, ती पोस्ट काढा. वजीरभाईंचं नाव कशापायी घेतलं?"

"मग कुणाचं घेऊ? सा जनावरं गेली माझी. पोटच्या पोरागत होती."

"तुमच्याकडं त्यांची गाडी कधी आली होती?"

तात्या बाजेचा दोर ओढत राहिले. शाहिस्ता उठून गोठ्यात गेली. कोपऱ्यात एक काळी शेळी बसलेली, नाक वाळलेल्या शेंबडानं भरलेलं. तिच्या शिंगांना बाजारात लावतात तसा हिरवा रंग होता. तात्यांच्या घरची कुठलीच शेळी रंगवलेली नव्हती.

"ही बाजारातली?"

"व्हय. दोन आणल्या. एक मेली."

"किती दिवस झाले?"

"पंधरा दिस... वीस असतील." ते जमिनीकडं बघत होते.

"नवं जनावर एकवीस दिस येगळं बांधायचं असतं, तात्या. तुमालाच म्या सांगितलं होतं."

"म्हंजी म्याच मारल्या का समद्या?" त्यांचा आवाज चिरकला. "गावाच्या बी म्याच मारल्या?"

"तसं न्हाय म्हणत म्या. बाजारात कुणाचं जनावर कुणाला लागलं, कुणी सांगू शकत न्हाय. पर वजीरभाईंची गाडी महिन्यात इकडं फिरकली बी न्हाय. लोक टेम्पो फोडायचं लिवत्यात तुमच्या पोस्टखाली."

"तू त्याचीच बाजू घेणार की."

पाच वर्षं हा माणूस तिला लेकीगत बोलत आला होता. पदर सारखा करत ती म्हणाली, "तात्या, म्या तुमची पोस्ट काढणार हाय. न विचारता काढू नये, म्हणून आले. तुमच्या तोंडावर सांगते. तुमच्या बाजारातल्या शेळ्यांचं म्या कुठं लिवणार न्हाय."

"काढ. लई मोठी झालीस," तात्या म्हणाले आणि तोंड फिरवून बसले.

स्टँडवर उभं राहून तिनं पोस्ट काढली. खाली कारण लिहिलं, स्वतःच्या नावानं.

दोन दिवसांत एकशे सव्वीस माणसं दावण सोडून गेली. रणधीरनं कळंबला नवा सर्व्हर उभा केला होता, 'येरमाळा शेळीपालक'. तिथं तात्यांची तीच पोस्ट परत झळकली. दावणीवरून ती वाचता येत होती, पण काढता येत नव्हती.

"त्यांचा सर्व्हर आपल्याकडून तोडून टाकू का?" शिवप्रसादांनी विचारलं. "मग इकडं काही दिसणार नाही."

"दिसणार न्हाय. पर असणारच की तिथं," ती म्हणाली. "राहू द्या सर."

तिनं जनावरांच्या दवाखान्यात दोन चकरा मारल्या. डॉक्टरांनी येरमाळ्यात लस टोचायचा दिवस ठरवला. ते तिनं दावणीवर लिहिलं आणि रणधीरच्या सर्व्हरवरच्या माणसांनाही एकेकाचं नाव घालून कळवलं. उत्तर एकाचंही आलं नाही. तरी लसीच्या दिवशी तीनशेवर शेळ्या आल्या. तात्याही आले. त्यांनी तिच्याकडं बघितलं नाही, शेळीचे कान मात्र घट्ट धरून ठेवले.

चार दिवसांनी भाकरी करताना फोन वाजला. रणधीरच्या सर्व्हरवरून, सगळ्यांना दिसेल असा प्रश्न होता. 'शाहिस्ताताई, बाजारातनं आणलेलं जनावर किती दिस येगळं बांधावं? म्या दोन आणली होती, येगळी बांधली न्हाईत. — ज्ञानोबा.'

तव्यावरची भाकरी करपली. उत्तर त्यांना ठाऊक होतं, तिनंच गोठ्यात सांगितलं होतं. ती बराच वेळ तो प्रश्न वाचत राहिली. मग लिहिलं, 'एकवीस दिवस.' खाली लिहिलं, 'तात्या, आता ती पोस्ट.' पुढचं खोडलं, परत लिहिलं, परत खोडलं. शेवटी ते अर्धंच वाक्य पाठवलं.

दुपारपर्यंत वजीरवरची पोस्ट काढलेली होती. कारण कुणी लिहिलं नव्हतं.

तिनं वजीरला फोन लावला. पोस्ट आल्यापासून त्याचा टेम्पो दारातच उभा होता. "भाईजान, पोस्ट गेली. तात्यांनी सोताच काढली. आता या येरमाळ्याला."

"आपा, मोबाईलवरनं गेली," वजीर म्हणाला. "ज्यांनी वाचली, त्यांच्या डोक्यातनं कवा जायची? म्या एकटा न्हाय जात."

शाहिस्ता फोन कानाला लावून अंगणात फेऱ्या मारत होती. दारापासून पाण्याच्या टाकीपर्यंत, टाकीपासून दारापर्यंत.

"एकटं कोण म्हणतंय?" ती म्हणाली. "सोमवारी सकाळी परंड्याला स्टँडवर गाडी आणा. म्या पुढं बसते."