भस्मबाबाच्या हातातली पुडी

"बाबाला वास आला!" शेजारची गोजरबाई ओरडली आणि अख्खा चौक गोकुळमामाच्या पंक्चरच्या दुकानापुढं जमला.

पंधरा दिवस हा भस्मबाबा समोरच्या लिंबाखाली बसायचा, हवेतून राख काढायचा, "बच्चा, सब दिखता है" म्हणायचा. आज त्यानं नाक फुगवलं, मामाच्या हत्यारांच्या डब्यात हात घातला आणि चक्क गांजाची पुडी काढली! लोकांनी हात जोडले. मग बाबानं झोळीतून ओळखपत्र काढलं. बाबा म्हणजे वेश पालटलेला हवालदार मोतीराम!

"यानं मला तीनदा गांजा विकला," तो म्हणाला.

"देव बी आन् पोलीस बी! खोटं बोलंल व्हय?" गोजरबाईनं निकालच लावला.

मामा माझ्याकडं वळला. "तनुजा, मी नाय गं..."

तेवढ्यात जीप आली. फौजदार अंबिका मॅडम उतरल्या. मी दहावीतली पोरगी, पण घुसलेच पुढं.

"विकताना दुसऱ्या कुणी पाहिलं?" मी मोतीरामला विचारलं.

"गुप्त काम असतं, पोरी. माझा शब्द बास हाय," मोतीराम गुरकावला.

"माझे पप्पा एकदा झडतीला पंच, म्हणजे साक्षीदार होते. तिथं पोलिसांनी आधी स्वतःची अंगझडती दिली होती. तुम्ही कुणाला दिली?"

"ए वकिलीणबाई, घरी जाऊन भाकरी थाप!"

लोक हसले. मी डब्यात हात घातला. ग्रीसनं बोटं काळीकुट्ट! पुडी मात्र स्वच्छ, वर पांढरी राख. बोटांच्या बेचक्यात राखेची गोळी लपवून चुरायची, ही हातचलाखी आमच्या विज्ञानाच्या मृण्मयी मॅडमनी वर्गात करून दाखवली होती. आज गोळीऐवजी पुडी, एवढंच!

अंबिका मॅडमनी दोन पंचांसमोर, मोबाइलवर शूटिंग करत झोळी उघडली. भस्मात तशाच चार पुड्या.

मोतीराम कपाळावरची राख पुसू लागला. "पंधरा दिवस राख फासली, मॅडम. रिकाम्या हातानं ठाण्यात कसा येऊ?"

"म्हणून याला वर्षभर आत टाकणार होतास?"

मामाला रडू फुटलं. हात जोडलेले लोक आता चपला न्याहाळत होते.

मला एवढंच म्हणायचंय: भगवी कफनी असो की खाकी वर्दी, एकट्याच्या शब्दावर कुणाला तुरुंगात घालू नका. दुसरा पुरावा मागा. खऱ्या पोलिसाचं त्यात काही जात नाही. खोट्याचं मात्र सगळं जातं.